मौनातली सही

"काकू, ही सही तुमची आहे का?"

निधीने फोनवर एवढंच विचारलं आणि शोभनाच्या मांडीवर वळत आलेल्या वातीचा पीळ सुटला, तिचा पुन्हा कापूस झाला. प्रश्न तसा साधा. हो म्हणायचं नाहीतर नाही म्हणायचं. पण शोभनाच्या ओठांवर दोन्हींपैकी एकही आलं नाही, आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण आपली सही आपण केली की नाही हे माणसाला ठाऊक नसावं असं तिने कधी ऐकलं नव्हतं. खिडकीबाहेर एक्स्टनची दुपार होती. समोरच्या घराच्या छपरावर कुणी तरी पानं काढायचं यंत्र फिरवत होतं, आणि त्या घरघरीच्या अलीकडे, सोफ्यावर, तिचा नवरा दिगंबर डोळे मिटून पडला होता. त्याचा उजवा हात उशीवर ठेवलेला होता. ठेवलेला, असंच म्हणायला हवं. अपघातानंतर तो हात जिथे ठेवावा तिथे राहत असे.

निधी पंडित त्यांची वकील. शेजारच्या राज्यातल्या पार्सिपनीत वाढलेली पोर, मराठी आईकडून ऐकून शिकलेली, आता लग्नानंतर इकडे पेनसिल्व्हेनियात ऑफिस थाटून बसली होती. ती सावकाश समजावून सांगू लागली. "असं बघा काकू. ज्याने काकांना सिग्नल तोडून ठोकलं, त्याचा इन्शुरन्स अगदीच तोकडा आहे. अशा वेळी आपलीच पॉलिसी उरलेलं भरते. तुमच्या तीन गाड्या आहेत, तिन्हींवर हे कव्हर आहे. आपल्या राज्यात ते एकावर एक ठेवता येतं. स्टॅकिंग म्हणतात त्याला. एकीचं नाही पुरलं तर तिन्हींचं मिळून पुरतं. पण कंपनीने मला एक वेव्हर पाठवलंय. त्यात लिहिलंय, आम्हाला एकावर एक नको, एकाचंच पुरे, त्याबदल्यात प्रीमियम कमी करा. खाली तुमची ई-सही आहे, सकाळच्या वेळेची."

"माझी?"

"पॉलिसीवर पहिलं नाव तुमचं आहे ना. म्हणून ती सही फक्त तुम्हीच करू शकता. काकांनी तुम्हाला न विचारता केली असेल, तर ती सहीच नाही असं मी म्हणू शकते."

"आणि विचारून केली असेल तर?"

"मग बहुतेक ती तुमचीच झाली," निधी म्हणाली. "काका म्हणतात, विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

"मी काही म्हणालेच नसणार," शोभना हळूच म्हणाली. "सकाळची वेळ आहे ना त्यावर? सकाळी मी बोलत नाही."

फोन ठेवल्यावर ती परत वाती वळायला बसली, पण बोटं ऐकेनात. सकाळी ती बोलत नाही, हे ओळखीपाळखीच्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांची लेक सिया आठव्या महिन्यातच झाली तेव्हा तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अंगाला नळ्या, डोळ्यांवर पट्टी, आणि नर्स म्हणायच्या, हळू बोला, आवाजाने तिची ताकद खर्च होते. शोभनाने तिथे त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मनात म्हटलं होतं, देवा, हिची ताकद राहू दे, हवं तर माझा आवाज घे. सगळा नको, संसार करायचाय. रोज सकाळी आंघोळीपासून नैवेद्य दाखवेपर्यंतचा घे. देवाने तो घेतला आणि पोर दिली, आणि तेव्हापासून शोभनाने एकही सकाळ मोडली नव्हती. त्या मौनातून घराची एक भाषाच तयार झाली. एक बोट वर म्हणजे दूध उतू चाललंय. मनगटावर दोन टिचक्या म्हणजे उशीर होतोय. डोळे मिटून मान खाली म्हणजे हो. पंजा समोर धरला की थांबा. सिया बोलायच्या आधी ही भाषा शिकली होती. प्रीस्कूलच्या टीचरने एकदा दिगंबरला बाजूला घेऊन फार जपून विचारलं होतं, मुलीची श्रवणचाचणी केली आहे का, ती हातांनी बोलते. दिगंबर ही गोष्ट प्रत्येक पार्टीत सांगायचा. शेवटी स्वतःच्या कानाला हात लावून म्हणायचा, "ऐकू सगळं येतं बाप्पा, आमच्या घरी फक्त बोलायची बंदी आहे!" आणि हसायचा, नागपूरचं ते मोकळं, छाती भरून येणारं हसू. अपघातानंतर ते हसू कुणी ऐकलं नव्हतं.

निधीने त्या कागदाचा फोटो पाठवला. सियाची गाडी घरी आली ती तारीख. वेळ सकाळची. तारीख शोभनाने लगेच ओळखली, पण ती सकाळ काही केल्या हाताला लागेना. कराडला तिच्या माहेरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आई मडक्यांची उतरंड रचून ठेवायची. सगळ्यांत खाली तांदूळ, मग डाळी, वर वर लहान होत जाणारी मडकी, टोकाला कसलं तरी बियाणं. खालचं काही हवं असलं की वरची सगळी एकेक करून उतरवावी लागायची. शोभनाच्या सकाळी तशाच झाल्या होत्या. आंघोळ, तांब्या, फुलं, गंध, दिवा, त्याच हालचाली, तोच स्वयंपाकघरातला उजेड, तोच कॉफीचा मग घेऊन फिरणारा दिगंबर. एकीवर एक नेमक्या बसलेल्या, आणि त्यांतली एकच काढायची होती. तिने डोळे मिटून पाहिलं. दिगंबर विचारतोय, आणि ती डोळे मिटून मान खाली घालतेय. हे दिसलं. मग दिगंबर विचारतोय, आणि ती पंजा समोर धरतेय. हेही तितकंच स्वच्छ दिसलं. मनाला जे मागावं ते चित्र ते काढून देत होतं. आपलं मन असं गिऱ्हाईक बघून माल दाखवणाऱ्या दुकानदारासारखं आहे, हे या वयात कळावं याची तिला शरम वाटली. कारण कोणतं चित्र खपणार होतं हे तिला पुरतं माहीत होतं. हाताच्या डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की मानेपासून निघालेल्या नसा ओढल्या गेल्या आहेत. ऑपरेशनने जोडल्या, पण त्या वाढतात गवतापेक्षाही सावकाश. थेरपी वर्ष-दोन वर्षं चालली तर हात परत येईल. मध्येच थांबली, तर हात तिथेच थांबेल. आणि ऑफिसच्या हेल्थ इन्शुरन्सने थेरपीच्या ज्या भेटी मोजून दिल्या होत्या त्या संपत आल्या होत्या. एका गाडीच्या कव्हरने पुढचं निभणार नव्हतं. तिन्हींचं मिळून निभणार होतं. म्हणजे दिगंबरचा हात शोभनाच्या त्या सकाळच्या मानेत अडकला होता की पंजात, एवढाच प्रश्न उरला होता.

संध्याकाळी राकेश आणि त्याची बायको डबा घेऊन आले. मराठी मंडळातल्या लोकांनी पाळी लावून जेवण पोचवायचं ठरवलं होतं. आज त्यांची भरली वांगी होती. राकेशने जॅकेटही न काढता सल्ला दिला. "वहिनी, सरळ सांगायचं, सही माझी नाही. मॅटर क्लोज. यात एवढं विचार करण्यासारखं काय आहे यार?"

"मला आठवायला हवं ना, भाऊजी."

"आठवायचं काय त्यात? अर्ध्या एक्स्टनच्या बायकांच्या सह्या नवऱ्यांनी केल्यात. हिला विचारा, हिचा ईमेलचा पासवर्ड हिला माहीत आहे का?"

"मला माहीत आहे," त्याची बायको डबा ओट्यावर ठेवत म्हणाली. "तुमचाही माहीत आहे. बोलू का इथे सगळ्यांसमोर?"

सोफ्यावर दिगंबरच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा शोभनाला वाटला, पण तो म्हणाला एवढंच, "राकेश, सोड. मी विचारलं होतं तिला. मी सगळं तिला विचारूनच करतो." त्याचा स्वर इतका कोरडा होता की राकेशने जॅकेटची चेन वर ओढली.

ते गेल्यावर शोभना त्या वाक्यापाशी घुटमळत राहिली. हे वाक्य नवं नव्हतं. या देशात आल्यावर त्यांनी पहिली गाडी घेतली ती दसऱ्याला. शोरूममध्ये कागद करताना दिगंबर त्या सेल्समनला म्हणाला होता, गाडी हिच्या नावावर, आमच्याकडे पहिली वस्तू लक्ष्मीच्या नावावर घेतात. सेल्समनला लक्ष्मी म्हणजे कोण ते कळलं नाही, त्याने तेच नाव लिहायला घेतलं होतं. तेव्हापासून गाड्यांच्या पॉलिसीवर पहिलं नाव शोभनाचं. घर घेतलं तेव्हाही तसंच. शोभनाला विचारल्याशिवाय माझ्या घरात पान हलत नाही, हे तो चारचौघांत सांगायचा आणि बायका शोभनाकडे असूयेने बघायच्या. तिलाही बरं वाटायचं. तिचा ईमेल त्यानेच उघडून दिला होता, पासवर्ड तोच टाकायचा, बिलं तोच भरायचा, आणि संध्याकाळी जेवताना सांगायचा, आज तुझ्या नावाने अमुक केलं गं. ती वाढता वाढता हूं म्हणायची. त्यात कधी काही खुपलं नाही. आजच या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या गोष्टीत कुठे तरी टाचणी राहून गेल्यासारखं का वाटतंय, ते तिला कळेना. सांगायचंच झालं तर परक्या माणसांसमोर सांगावं लागेल, माझ्या नवऱ्याने मला न विचारता माझी सही केली. ते शब्द मनात उच्चारून बघतानाही तिचे कान तापले. दुपारी सियाने कॉलेजातून फोन केला होता तेव्हा ती म्हणाली होती, "आई, इट्स नॉट अ क्राइम टु रिमेंबर." पोरीला वाटत होतं आई घाबरलीय. शोभना घाबरली नव्हती. तिला फक्त आपल्या आठवणीवर आपल्या गरजेची सावली पडू द्यायची नव्हती.

जेवणानंतर हाताचा व्यायाम असे. थेरपिस्ट बाईंनी शिकवून ठेवला होता. शोभनाने दिगंबरसमोर बसायचं, त्याचं उजवं मनगट आपल्या मुठीत धरायचं, दुसऱ्या हाताने त्याचं एकेक बोट उघडायचं, मिटायचं. शेवटी ती म्हणायची, ओढा, आणि त्याने मनगट तिच्या मुठीतून मागे ओढायचं. तो ओढायचा म्हणजे खांदा ताठ करायचा, कपाळाला आठ्या घालायचा, घाम यायचा. मनगट तसंच, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखं तिच्या हातात पडून राहायचं. "झालं?" तो विचारायचा. "झालं," ती म्हणायची आणि हळदीच्या तेलाने हात चोळायला घ्यायची. आजही तसंच सगळं चाललं होतं. अंगठा, तर्जनी, मधलं. त्याची नखं तिने काल कापली होती. तळव्यावरची माऊस धरून धरून झालेला घट्टा आता मऊ पडायला लागला होता, आणि ते तिला फार दुष्ट वाटलं. ती म्हणाली, ओढा. त्याने खांदा ताठ केला. आणि तिच्या मुठीच्या आत, अगदी खोल, विहिरीत घागर तळाला टेकावी इतकं हलकं काही तरी मागे सरकलं.

दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

"तू हललीस का?" दिगंबरने विचारलं.

"नाही. पुन्हा ओढा."

पुन्हा ते झालं. एवढंसं. पण झालं. आणि त्या ओढीबरोबरच, कुणी हाक मारून आणावी तशी, ती सकाळ वर आली. वरची सगळी मडकी न उतरवताच. स्वयंपाकघर नव्हतंच मुळी ते. म्हणून सापडत नव्हती. गॅरेज होतं. उघड्या शटरमधून श्रावणातलं ऊन आत आलेलं, कार्पेटच्या गुंडाळीचा आणि पेट्रोलचा वास, आणि मध्ये सियाची ती जुनी निळी गाडी, चाकांखाली लिंबं ठेवलेली. शोभनाच्या उजव्या हातात कुंकवाची वाटी आणि डाव्या हाताची बोटंही लालच, कारण बॉनेटवर स्वस्तिक काढताना कुंकू ओघळलं होतं आणि ते तिने तळव्याने पुसलं होतं. सिया फोनवर शूटिंग करत होती, मग तिला कुणाचा तरी फोन आला म्हणून अंगणात गेली. दिगंबर पांढरा शर्ट घालून, ऑफिसला निघायच्या घाईत, डाव्या हातात फोन धरून म्हणत होता, "शोभना, तिन्ही गाड्यांचं एकत्र होतंय गं. एजंट म्हणतो ही एक-दोन ऑप्शन्स काढली की स्वस्त पडतं. तुझी सही टाकतोय." ती वळली होती. कसली ऑप्शन्स, ते तिला विचारायचं होतं. घशापर्यंत आलं होतं, पण नैवेद्य व्हायचा होता. म्हणून तिने नुसता पंजा दाखवला नाही. तिने त्याचं मनगटच धरलं. हेच मनगट. घट्ट. आणि ते तिच्या मुठीतून मागे ओढलं गेलं, सहज, जोरात, तेव्हा त्यात केवढी ताकद होती! "अगं, शर्ट! आज क्लायंट येतोय!" तो हसत ओरडला होता, आणि हसता हसताच सोडवून घेतलेल्या हाताच्या बोटाने त्याने फोनवर टक् केलं होतं.

शोभना तेलाची वाटी घेऊन उठली ती तशीच गॅरेजमध्ये गेली. मनाने हे चित्रही गिऱ्हाईक बघून काढलेलं नसेल कशावरून? गाड्या पुसायच्या फडक्यांच्या खिळ्यावर तो शर्ट होता. कुंकू निघालं नाही म्हणून तिनेच तो फडक्यात टाकला होता. मळलेला, एक बाही फाटलेली, पण उजवी बाही शाबूत. तिने बटणाजवळची पट्टी उलगडली. फिकट, मातकट, विचारल्याशिवाय कुणाला दिसू नये अशी चार बोटं तिथे होती. तिने आपली बोटं त्यांवर ठेवून पाहिली. कोर्टात याला कुणी विचारलं नसतं. तिला विचारायचं होतं, तिने विचारून घेतलं.

ती परत आली तेव्हा दिगंबर खिडकीकडे तोंड करून बसला होता. तिच्या हातातला शर्ट त्याला काचेत दिसला असावा.

"तुम्ही हात सोडवून घेतला होतात," ती म्हणाली.

तो काचेकडेच बघत म्हणाला, "मला वाटलं तू विसरलीस."

"तुम्हाला आठवत होतं?"

"हॉस्पिटलात शुद्धीवर आलो तेव्हापासून. हात उचलायला गेलो आणि उचलेना, तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. तू धरलेला." त्याने डाव्या हाताने उजवा हात उशीवर नीट केला. "काय सांगू निधीला? आयुष्यभर सांगत फिरलो, बायकोला विचारल्याशिवाय पान हलत नाही. आणि बायको थांब म्हणत होती, मला कळत होतं थांब म्हणतेय, तरी मी थांबलो नाही. कशासाठी? तर मीटिंग होती." तो थोडा हसला, पण ते हसू त्याचं नव्हतं. "म्हटलं, हात गेला तर गेला. हे नको कुणाला कळायला."

शोभनाला राग यायला हवा होता. तिने वाटही पाहिली. त्याऐवजी आलं ते वेगळंच. त्या दिवशी पुढे काय झालं होतं? तिने नारळ फोडला. खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. वाचा मोकळी झाली. आणि अख्ख्या सकाळचे साठलेले शब्द समोर उभे असताना तिने पहिला शब्द उच्चारला तो, "गोड निघाला." नारळ गोड निघाला म्हणून तिने दोघांच्या हातावर तुकडे ठेवले, आणि कसली सही ते ना दुपारी विचारलं ना रात्री. व्रत नैवेद्यापर्यंतचंच होतं. त्यापुढचं मौन तिला कुणी सांगितलं होतं? देवाने तर मागितलं नव्हतं. ते तिने स्वतःच, सोयीचं होतं म्हणून, मऊ होतं म्हणून, संसारभर पांघरून घेतलं होतं. हे मनात आलं आणि तिला वाईट वाटलं नाही. खोलीत कोंडलेली हवा असावी आणि कुणी खिडकी उघडावी, तेव्हा आधी थंडी वाजते, तसं काहीसं वाटलं.

"मी सगळं सांगणार आहे," ती म्हणाली. "धरल्याचं. तुम्ही सोडवल्याचं. आणि नंतर मी विचारलं नाही, तेही."

"ते कशाला? त्याने केस कमजोर होईल."

"होऊ दे. अर्धं सांगितलं तर मला उद्या दिवा लावता यायचा नाही."

दिगंबरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "निधी ओरडेल," तो म्हणाला.

निधी ओरडली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "काकू, जसं मला सांगितलंत तसंच सांगा. एक शब्द कमी नको, जास्त नको. निकालाचं प्रॉमिस मी देत नाही. पण ही गोष्ट मी घेऊन उभी राहू शकते." मग तिने विचारलं, "आणि काकांचा हात खरंच हलला?"

शपथेवरचा जबाब सकाळी ठेवला होता. शोभना त्या दिवशी लवकर उठली, आणि घर सोडायच्या आत नैवेद्य दाखवून वाचा मोकळी करून घेतली. मोकळी झाल्यावर पहिला शब्द काय बोलावा याचा तिने विचार केला होता, पण प्रत्यक्षात ती म्हणाली, "अहो, स्वेटर घाला, तिथे एसी असतो." दिगंबर म्हणाला, "झालं! एवढ्यासाठी देवाने परत दिला का आवाज?" आणि गाडीत बसेपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही की तो चेष्टा करत होता.

निधीच्या ऑफिसातली ती खोली साधी होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला टंकयंत्रासारखं काही तरी घेऊन बसलेली लेखनिक बाई, आणि समोर कंपनीचा वकील, पिकल्या केसांचा, अदबशीर, चष्मा वारंवार पुसणारा. लेखनिक बाई म्हणाली, उजवा हात वर करा. शोभनाने पंजा समोर धरला. घरात याच खुणेने दूध, माणसं, घाई, सगळं थांबत असे, आणि इथे याच खुणेने बोलायला सुरुवात करायची होती. तिला आत कुठे तरी हसू आलं आणि त्या हसण्याने तिची धडधड बसली. तिने इंग्रजीत, सावकाश, सगळं सांगितलं. गॅरेज, कुंकू, मनगट.

"तुम्ही तोंडाने नाही म्हणाला नाहीत," वकील म्हणाला.

"नाही. माझं मौन होतं."

"मग तुमची संमती नाही हे त्यांना कसं कळणार?"

"आमच्या घरात कळतं," शोभना म्हणाली.

"आणि मौन सुटल्यावर? हरकत घेतलीत?"

"नाही. नारळ गोड आहे, एवढंच म्हणाले."

लेखनिक बाईची बोटं यंत्रावर क्षणभर थांबली. तिने वर पाहिलं, मग ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं. वकिलाने चष्मा पुसला आणि पुढे काही विचारलं नाही.

मग दिगंबरची पाळी आली. निधीने लगबगीने सांगितलं, "हे डावा हात वर करतील, उजव्याला इजा आहे." लेखनिक बाई म्हणाली, हरकत नाही, कोणताही चालेल. दिगंबर खुर्चीत सरळ झाला. शोभना त्याचा कोपर धरायला अर्धी उठली, रोजच्या सवयीने. तेव्हा त्याने डावा पंजा वर केला, पण तो शपथेसाठी नव्हता. तो तिच्याकडे वळवलेला होता. मग त्याने खांदा ताठ केला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि टेबलाखालून त्याचा उजवा हात, झोपेतून उठवलेल्या पोरासारखा, रेंगाळत, कुरकुरत, मांडीवरून निघाला. बोटं अजून पुरती उघडली नव्हती. मनगट थरथरत होतं. टेबलाच्या कडेला लागून ते एकदा अडलं. छपरातल्या एसीचा आवाज तेवढा येत होता, आणि कागदावर ठेवलेलं निधीचं पेन घरंगळत चाललं होतं, ते तिने धरलं नाही.

शोभना खाली बसली. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवले, आणि ती थांबली.